बियाण्याचा तुंबा

वर्षातून एकदा आमच्या घरात माझी जाहीर फजिती व्हायची, आणि तिचा दिवस ठरलेला असायचा. बुद्ध पौर्णिमा. सकाळी वंदना झाली, खीर खाऊन झाली, की ऊन उतरल्यावर अख्खं घर वावरातल्या विहिरीवर जायचं आणि एकेक जण पाण्यात उतरायचा. दीर, जाऊ, माहेरी आलेल्या नणंदा, त्यांची पोरंबाळं, कोणी सुटत नसे. ही रीत घालून दिली माझ्या आजेसासऱ्यांनी. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पाय ठेवू देत नव्हते, त्या काळी त्यांनी दिवसा दुसऱ्याच्या वावरात राबून उरलेल्या वेळात आपल्या तुकड्यात ही विहीर खोदली. पाणी लागलं तेव्हा त्यांनी सांगून ठेवलं म्हणे, की ह्या विहिरीत घरचं माणूस नुसतं घागर बुडवायला नाही, आंग बुडवायला उतरेल. पोट्ट्यांनी उतरायचं, लेकींनी उतरायचं आणि सुनांनीसुद्धा.

त्यामुळे माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, सत्तरी उलटल्यावरही लुगड्याचा काष्टा आवळून वरच्या पायरीवरून धप्पकन उडी घेतात. आणि मी? मी काठावर दगडाला टेकून बसायची आणि लोट्याने पावलांवर पाणी ओतून घ्यायची, तेही डोळे गच्च मिटून. मोठी जाऊ पाण्यातून ओरडायची, "आली पाहा लोटेवाली!"

"लोट्यात बुडून कोणी मेलं नाई अजून," मी म्हणायची.

सगळे हसायचे, मीही हसायची. जीभ माझी फटकळच आहे, उत्तराला कधी कमी पडत नाही. पण घरी परत येताना सगळ्यांचे केस ओले, गप्पा ओल्या, आणि मी एकटी कोरडी चालत असायची. तेव्हा असा संताप यायचा की विचारू नका. आजेसासऱ्यांनी एवढ्या हौसेने खोदून दिलेली विहीर आणि मी तिच्यापाशी सोयऱ्यासारखी बसायची.

लोक विचारतात, लहानपणी बुडाली होतीस का? नाही. कोणी बुडताना पाहिलंस का? तेही नाही. आता काय सांगू, माझ्या भीतीला सांगण्यासारखी एक धड गोष्टसुद्धा नाही. माझं माहेर आर्वीकडचं. आमच्या मोहल्ल्यात विहीर नव्हती, हापशी होती. नदी होती, पण ती कपडे धुवायला. माय आम्हाला नदीवर न्यायची ती हाताला घट्ट धरून, आणि रस्ताभर एकच सांगायची, "पाण्यात पडलं का माणूस गेलं." तिची माय तिला हेच सांगायची. आता कळतं की त्या बायका खोटं बोलत नव्हत्या. मोहल्ल्यात एकालाही पोहता येत नव्हतं. पोहायला शिकणार कुठे? ज्यांच्या विहिरी होत्या ते जवळ येऊ देत नव्हते. मग पडलेलं माणूस खरंच जायचं. ते वाक्य त्यांच्या कामाचं होतं, त्या वाक्याने पोरं जगवली.

मी ते वाक्य लग्नात भांड्याकुंड्यांसोबत इकडे घेऊन आले. हिंगणीजवळच्या ह्या गावात, भाजीपाला पिकवणाऱ्या घरात, जिथे घरची विहीर आहे आणि जिथे सगळे पोहतात. आणि इथे येऊन ते वाक्य मी माझ्या मुलीच्या कानात ओतलं. विहिरीकडे गेली की, "पाण्यात पडलं का माणूस गेलं." टाक्याजवळ खेळली की तेच. तिच्या चुलत बहिणी बेडकासारख्या उड्या मारायच्या आणि माझी पोरगी काठावर माझ्याजवळ बसायची, तिच्यासाठी आणलेला छोटा लोटा घेऊन. मला वाटायचं, बरं आहे, जिवाला घोर नाही.

त्या वर्षी ती पाचवीत होती. पोळा होऊन गेला होता. आमच्या वस्तीतून शाळेत जायला मध्ये नाला लागतो, त्यावर सिमेंटचा ठेंगणा रपटा आहे. पाऊस जास्त झाला तर पाणी रपट्यावरून जातं, एरवी बाजूने गुडघाभर वाहतं. पोरं त्यावरून रोज जातात-येतात, शेवाळावर घसरतात, कपडे माखतात, घरी मार खातात. एवढंच.

त्या दिवशी माझी मुलगी घसरली. शेजारची काकू निंदणावरून परत येत होती. तिला नाल्यात निळा फ्रॉक दिसला. आधी तिला वाटलं, पोरगी पाण्यात वाकून काहीतरी शोधून राह्यली. मग दिसलं की ती पालथी आहे. हात नाही हलत, पाय नाही हलत. काकूने डोक्यावरचा गवताचा भारा फेकला आणि दंडाला धरून तिला उभी केली. उभी केली तेव्हा पाणी तिच्या गुडघ्याच्या थोडं खालीच होतं.

पोरगी खोकली, ओकली, रडली आणि वाचली. मी तिला पुसलं, पोटाशी धरलं, कोरडे कपडे घातले, आणि मग माझा राग उसळला. भीती निघून गेली की मागून राग येतोच, निदान माझा तरी येतो.

"काऊन उठली नाई वो तू? गुडघाभर तं पाणी होतं! उभी राहाले काय झालं होतं तुले?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला खरंच कळलं नव्हतं की मी असं काय विचारतेय.

"तूच म्हणते ना आई, पाण्यात पडलं का माणूस गेलं," ती म्हणाली. "मले वाटलं, मी गेली."

माझ्यासारखी बाई, जिच्या तोंडाला अख्खा आठवडी बाजार टरकतो, ती चुलीपुढे तोंड उघडं टाकून बसली. आत्या दाराशी लसूण सोलत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"हे भेव पोट्टीचं नाई," त्या म्हणाल्या. "हे तुह्यं हाय. तिच्याजवळ ठेवाले देल्लं तू."

दुसऱ्या दिवशी माझा नवरा मुलीला विहिरीवर घेऊन गेला. चांगला माणूस आहे, त्याला वाटलं एका सकाळचं काम आहे. पहिल्या पायरीवर पाणी पायाला लागलं तशी ती लाकडासारखी ताठ झाली. नंतर त्याच्या मानेला अशी लटकली की त्याच्या गळ्यावर नखं उमटली. दोन-तीनदा असं झाल्यावर तिने बापाला स्वच्छ सांगितलं, "आई उतरत नाई, तं मी काऊन उतरू?"

तो घरी येऊन माझ्यासमोर उभा राहिला. गळ्यावरचे ओरखडे चोळत राहिला. नाला तर कुठे जाणार नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा पाणी येणार, त्याच्या पुढच्या वर्षीही येणार, आणि दरवेळी गवताचा भारा घेऊन काकू मागून येईलच असं थोडंच आहे.

"मी उतरते," मी म्हटलं.

माझं तोंड नेहमीच माझ्यापुढे पळतं. शब्द बाहेर पडला आणि लगेच परत घ्यावासा वाटला. पण आत्यांनी ऐकलं होतं, आणि त्यांनी ऐकलं की विषय संपला.

मला वाटलं होतं, त्या मला कमरेला दोर बांधून ढकलतील. गावात पोट्ट्यांना तसंच शिकवतात. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी मला मुळे धुवायला लावले.

पावसाळा संपला की आमच्याकडे मुळा, पालक, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या असा माल निघतो. बाजाराला न्यायच्या आधी तो विहिरीच्या पायऱ्यांवर धुवावा लागतो. आतापर्यंत मी बादलीत पाणी मागवून बांधावर बसून धुवायची. आत्यांनी बादली उचलून झोपडीत ठेवली आणि मुळ्यांची टोपली पहिल्या ओल्या पायरीवर मांडली. "इथं बसून धू," म्हणाल्या. विहीर काठोकाठ होती, वरच्या चार-दोन पायऱ्या सोडल्या तर सगळं पाण्याखाली. मी बसले. पाणी घोट्याला लागलं. आत पाहिलं तर हिरवंगार, तळ नाही. मी मान वर करून समोरच्या बाभळीवरचे सुगरणीचे खोपे पाहत पाहत मुळे धुतले. तेवढ्यात दोन मुळे हातातून सुटून गेले. आत्या म्हणाल्या, "गेले तं जाऊ दे, बेडकं खातीन."

दुसऱ्या दिवशी टोपली एक पायरी खाली. मला वाटलं, चुकून ठेवली. तिसऱ्या दिवशी आणखी खाली, तेव्हा कळलं की ही म्हातारी डाव खेळून राह्यली.

"आत्या, आता टोपलीत पाणी येऊन राह्यलं!"

"मंग? मुळे काय कागदाचे हायत?"

कामाला हात लागले की माझं डोकं दुसरीकडे जातं, हे त्यांना माहीत होतं. जुड्या सोडा, माती काढा, पुन्हा बांधा, भाव काय मिळेल त्याचा हिशेब करा, मधेच जावेवर चिडा. ह्या सगळ्यात पाणी गुडघ्यावर आलं, मांडीवर आलं. दिवाळीच्या आसपास मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पालक धुवत होते आणि शेजारणीशी भांडत होते, आणि ते माझ्या लक्षात आलं तेव्हा भांडण अर्ध्यावर सोडून मी पायऱ्या चढून वर पळाले. शेजारीण समजली, आपण जिंकलो.

मुलगी रोज यायची. शाळेतून आली की दप्तर झोपडीत टाकून काठावर त्याच दगडाला टेकून बसायची आणि माझ्यावर डोळे रोखायची. मी एक पायरी खाली गेले की, "आई, बस झालं. आई, नको जाऊ." तिचा आवाज माझ्या मायचा होता, शब्दाशब्दाला तोच. मला एकीकडे रडू यायचं आणि दुसरीकडे तिला दोन द्याव्याशा वाटायच्या.

मग तुंबे आले. तुंबा म्हणजे वाळवलेला दुधी भोपळा, पोकळ, टणक आणि फुलासारखा हलका. आमच्या झोपडीत आढ्याला जे पोहण्याचे तुंबे टांगलेले असतात, त्यांवर आमच्या घरची सगळी पोरं शिकली, सोयरेही शिकले. दोरीत दोन तुंबे बांधून छातीखाली घेतले की माणूस बुडतच नाही. आत्या पायरीवर उभ्या राहून हुकूम सोडायच्या. "पाय मार! गुडघे नको वाकवू, पाय मार! अवं, तू काय पीठ मळून राह्यली का?" मी पाणी प्यायले, नाकात घातलं, शिव्या दिल्या. विहिरीला दिल्या, तुंब्याला दिल्या आणि एकदा रागाच्या भरात आत्यांनाही दिल्या. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. काही दिवसांनी मी दोन तुंब्यांवर पलीकडच्या भिंतीला हात लावून परत येऊ लागले. मग त्यांनी दोनातला एक सोडून घेतला. एकावरही जमलं. पण तो एक काढायचा म्हटलं की माझे हातपाय गारठायचे.

"तुंब्यानं तरंगते मी," मी म्हणायची. "माह्यानं काही होत नाई."

आणि मुलगी काठावरून हेच उचलायची. "आईले नाई येत पोहाले. तुंब्याले येते."

हे तिचं म्हणणं मला फार झोंबलं. कारण खरं होतं. तुंब्यावर तरंगणाऱ्या आईकडे पाहून कोणती पोरगी पाण्यात उतरेल?

तो दिवस बाजाराचा होता. सकाळपासून माझं डोकं फिरलेलं. भाव पडलेला, ऑटोवाल्याने एका टोपलीवर दुसरी चढवून अर्ध्या जुड्या चिरडलेल्या, आणि एका बाईने घासाघीस करून करून शेवटी काही न घेता म्हटलं होतं, "ताजी नाई दिसत." ताजी नाही! पहाटे काढलेली मेथी! अशी धुसफुसत मी वावरात आले. आत्या अजून यायच्या होत्या. मुलगी काठावर बसलेलीच होती आणि मला पाहताच सुरू झाली, "आई, आज नको."

"तू गप्प बस," मी खेकसले. तशीच झोपडीत शिरले. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर काही म्हणजे काही दिसेना. आढ्याकडे हात केला, लागला तो तुंबा ओढला. हलवून पाहिला, आत खुळखुळलं. पोहण्याच्या तुंब्यातही त्याच्या स्वतःच्या बिया खुळखुळतातच, त्यामुळे काही वाटलं नाही. छातीखाली दोरी आवळली आणि पायऱ्या उतरून रागारागात पाण्यात शिरले.

आता इथे एक सांगायला हवं. आमच्या झोपडीत तुंबे दोन प्रकारचे असतात. एक पोहण्याचे, अखंड. दुसरे बियाण्याचे. त्यांची मान कापून आत राखेत कालवलेलं बियाणं भरायचं, तोंडाला चिंधीचा बोळा लावायचा आणि वरून शेणमातीने लिंपायचं. उंदीर लागत नाही, कीड लागत नाही. आत्यांचं घरचं काटेरी वांग्याचं बियाणं अशाच एका तुंब्यात होतं. भरीत करावं तर ह्याच वांग्याचं, असं सगळी पंचक्रोशी म्हणते. ते बी त्यांच्या सासूपासून चालत आलेलं, कधी विकत दिलं नाही. दुकानातलं बी आणलं तर आत्या पाकिटाकडे संशयाने बघतात.

मी त्या तुंब्याला घेऊन विहिरीच्या मध्यावर पोचले होते.

आत्या धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, येताना दिसल्या. काठावर आल्या, कपाळावर हात धरून पाहिलं, आणि एकदम थांबल्या. काही ओरडल्या नाहीत. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "पल्याड हात लावून ये."

"येते," मी म्हटलं.

"पाय मार. घाई नाई."

मी पाय मारत गेले. आज काही केल्या अंग उचलत नव्हतं. छातीखाली कोणी मांजराचं पिल्लू लोंबकळत ठेवावं तसं खाली ओढल्यासारखं वाटत होतं. मला वाटलं, बाजारात दमलो आपण. भिंतीच्या दगडाला हात लावला, वळले, हात जोरजोरात मारले, तोंडात पाणी गेलं ते थुंकलं, आणि पायरीला लागले. उभी राहिले तेव्हा कमरेशी भरलेली घागर बांधल्यासारखं जड.

"आज तुंबा लय जड वाटून राह्यला, आत्या."

"जड वाटन नाई तं काय!" आत्यांचा आवाज आता कुठे फुटला. "बह्याडे! माह्या वांग्याचं बी घेऊन गेली तू! मागं पाय!"

मी मागे पाहिलं. मी ज्या वाटेने गेले आणि आले, त्या सगळ्या वाटेवर पाण्यावर राखेचा राखाडी पट्टा पसरला होता आणि त्यात वांग्याच्या बारीक बिया तरंगत होत्या. तुंब्याच्या तोंडाचा बोळा भिजून कधीच निघून गेला होता. दोरी सोडून तुंबा पालथा केला तर त्यातून भकभक राखेचं पाणी पडलं.

म्हणजे मला तरंगवायला काहीच नव्हतं. उलट तो मला खाली ओढत होता आणि मी त्याला ओढत नेऊन परत आणला होता. हे मला तिथे पायरीवर उभी असताना कळलं, पण कळून घ्यायला फुरसत कोणाला! आत्या छाती पिटत होत्या.

"अवं उभी काय राह्यली! माह्या सासूचं बी हाय ते! गोळा कर!"

त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला आणि पहिल्या पायरीवर बसून पाण्यात पसरला, नाल्यात मासोळ्या धरतात तसा. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं सुटून वाहायला लागलं. "धर वो कोणी हे!" मी तर तोवर पुन्हा पाण्यात शिरले होते, बिया दूर पांगत होत्या, आणि मी दोन्ही हातांनी पाणी लोटून त्यांना पायरीकडे हाकलत होते, कोंबड्या खुराड्याकडे हाकलतात तशा. हाकलता हाकलता मी मध्यापर्यंत गेले. राग, बाजार, मेथी, सगळं विसरले. डोक्यात एकच, हे बी बुडालं तर म्हातारी मला जन्मभर ऐकवेल.

"आई, इकडून! ह्या बाजूनं लय हाय!"

मी आवाजाकडे पाहिलं. दुपट्ट्याचं दुसरं टोक माझ्या मुलीने धरलं होतं. ती काठावर नव्हती. पहिल्या पायरीवरही नव्हती. बियांचा एक पुंजका खाली सरकला म्हणून ती एक पायरी उतरली असेल, मग आणखी एक. ती कमरेच्या वर पाण्यात उभी होती, फ्रॉक फुगून तिच्याभोवती तरंगत होता, आणि तिचं सगळं लक्ष त्या बियांवर होतं.

माझं तोंड उघडलं. ते वाक्य, मायचं, आजीचं, माझं, अगदी जिभेच्या टोकावर आलं. ओरडले असते तर ती दचकली असती, खाली पाहिलं असतं, आणि मग पुन्हा कधीच उतरली नसती, हे मला तिथल्या तिथे लख्ख दिसलं. आणि त्याच क्षणी हेही ध्यानात आलं, की माझ्या छातीखाली तुंबा नाही. कुठलाच नाही. मी विहिरीच्या मध्यावर नुसत्या हातापायांवर होते. मी भसकन खाली गेले, पाणी प्यायले, वर आले, खोकले, डोळ्यांतून पाणी आलं. ते वाक्य त्या पाण्यासोबत पोटात गेलं असावं.

आत्या माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना पोरगीही दिसत होती, मीही दिसत होते. एरवी जी बाई दिवसभर बोलते तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

"त्या कोपऱ्यात राह्यलं पाय," मी म्हटलं. "ते घे. हळू."

"व्हय," मुलगी म्हणाली, आणि दगडाला एक हात लावून कोपऱ्याकडे सरकली. पाणी तिच्या छातीला लागलं. "पाठव ना इकडे, आई! काय करून राह्यली तू!"

मी पाठवत राहिले. जेवढं मिळालं तेवढं मिळालं. दुपट्टा पिळून बाहेर आलो तेव्हा पोरगी वरच्या पायरीवर बसली, आणि मग तिने आपल्या ओल्या फ्रॉककडे पाहिलं. विहिरीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"आई, तुहा तुंबा कुठं हाय?"

"तो काय, तिथं पडला."

ती बराच वेळ त्या रिकाम्या तुंब्याकडे बघत बसली. मग खुदकन हसली. मग मी हसले, आणि मग मला रडू फुटलं, असं की आत्यांनी मला जवळ ओढून आपल्या ओल्या पदराने माझं तोंड पुसलं. आणि पुसता पुसता म्हणाल्या, "रडून झालं असन तं वाफा कर. भिजेल बी ठेवता येत नाई. आजच टाका लागते."

तशाच ओल्या अंगाने आम्ही तिघींनी झोपडीमागे गादीवाफा केला, माती भुसभुशीत केली आणि ते राखाडी, चिखलासारखं झालेलं बी त्यात पेरलं. आत्या कुरकुरत होत्या, ही काय पेरायची वेळ हाय, निम्मं तं सडलंच असन. निम्मं सडलंही असेल. पण रोपं आली. कडेकडेने विरळ, मधे दाट, कशीही, पण आली. थंडीत आम्ही ती लावली आणि वांगी धरली तेव्हा पहिलं भरीत आत्यांनी स्वतः भाजलं, आणि जेवताना सगळ्यांना सांगितलं, "हे पोहून आलेलं वांगं हाय." जावेला ते कळायला वेळ लागला.

मुलगी थंडीभर पायऱ्यांवर खेळली, उन्हाळ्यात दोन तुंब्यांवर आली. आत्यांनी तुंबे स्वतः निवडून दिले, हलवून, तोंडाशी बोट फिरवून, माझ्याकडे एक नजर टाकून. बुद्ध पौर्णिमेला जाऊबाईंनी सवयीने माझा लोटा सोबत आणला होता. "घ्या, लोटेवाली," म्हणाल्या. मी लोटा घेतला, विहिरीत बुडवला आणि त्यांच्याच डोक्यावर ओतला. मग पदर खोचला आणि पायरीवरून उडी घेतली. वर आले तेव्हा सगळे ओरडत होते आणि माझी मुलगी एका तुंब्यावर पाय मारत माझ्याकडे येत होती. त्या दिवशी घरी परत जाताना मी ओली होते.

पण मला खरी वाट होती ती पावसाळ्याची.

पाऊस आला. नाला भरला. पहिले काही दिवस शाळा सुटायच्या वेळेला मी काही ना काही निमित्त काढून रपट्याकडे चक्कर मारायची, दूर उभी राहायची. पोरगी इतर पोरांसोबत पाय धपाधप आपटत जायची. मग कामं वाढली, ते चक्कर मारणं सुटलं.

एके दिवशी संध्याकाळी मी चुलीपुढे भाकरी थापत होते. ती आत आली. दप्तरातून पाणी गळत होतं, वेण्या चपटलेल्या, कोपर खरचटलेलं. हातातलं भाकरीचं पीठ तसंच राहिलं.

"काय झालं वो?"

"रपट्यावरून पडली."

"मंग?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला पुन्हा कळलं नव्हतं की मी असं काय विचारतेय.

"मंग काय," ती म्हणाली. "उठली."

आणि ओलं दप्तर दाराशी टाकून ती ताट घ्यायला गेली.